आखूड दांडा

तुम्हाला माहीत होतं. म्हातारीचं मनगट मोडलं त्याच दिवशी तुम्हाला माहीत होतं की पुढची पाळी खुब्याची आहे. तुम्ही पट्टी बांधली, कागदात पांढऱ्या गोळ्या गुंडाळून दिल्या आणि म्हणालात, "वय झालं, आता जपा." जपा म्हणजे नेमकं काय करा, एवढं सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं?

तुमचं नाव घेत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. दरीतल्या दवाखान्यात टेबलामागे बसता ते तुम्हीच. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात खाटांमधून फिरता तेही तुम्हीच. आणि या दोघांना काय शिकवायचं, कुठली औषधं आमच्या टेकड्यांपर्यंत पोचवायची आणि कुठली नाही, हे दूर बसून ठरवता तेही तुम्हीच. तुम्हा सगळ्यांना मिळून सांगतोय.

फेडेरेसी तिबाकान्या ही आमच्या टेकडीवरची सगळ्यांत म्हातारी बाई. टोळधाड आली तेव्हा आपण आईच्या पाठीवर बांधलेले होतो, एवढंच ती वयाबद्दल सांगायची. नवरा आणि मुलगे तिच्या आधी गेले. घरात थोरल्याची विधवा क्यारिकुंडा, तीही आता सत्तरीला टेकलेली, आणि क्यारिकुंडाचा मुलगा सेमेई. सेमेईची बायको राजधानीत, कंपालाला, कामाला म्हणून गेली ती तिकडचीच झाली. म्हणजे कामाला हात तिघांचे, आणि त्या तिघांत म्हातारीही धरलेली. आमच्याकडे माणूस चालतंय तोवर शेतात जातं.

घेवड्याच्या पेरणीचे दिवस आले. पाऊस दोनदा येऊन गेला होता आणि टेकडीवरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या ताली काळ्या, जड झाल्या होत्या. म्हातारीने आपली कुदळ उचलली आणि सेमेईच्या पुढ्यात टाकली.

"हा दांडा वाढलाय."

"तोडलेलं लाकूड वाढतं का आजी?"

"मग मी खोटं बोलते? गेल्या पेरणीला बरोबर होता. आता काखेत टोचतो."

सेमेईने कोयत्याने चार बोटं दांडा कापला. गेल्या वर्षीही कापला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. क्यारिकुंडा चुलीपाशी रताळी सोलत होती. ती म्हणाली, "असाच कापत राहिलास तर एक दिवस नुसतं पातं हातात येईल तिच्या."

"आलं तर पात्याने खणीन," म्हातारी म्हणाली. "तुझ्यासारखी दर दोन सऱ्यांनी कंबर धरून उभी राहणार नाही."

दांडा वाढला नव्हता. म्हातारी आटत होती. तिचा झगा जमिनीला घासायला लागला म्हणून क्यारिकुंडाने त्याची किनार आत दुमडली होती, मग पुन्हा दुमडली. पाठीला कुबड आलं होतं. बरगड्या खाली उतरून कंबरेच्या हाडावर टेकल्या होत्या आणि पोटाला जागाच उरली नव्हती. ज्वारीची आंबील अर्धा वाडगा प्यायली की म्हणायची, बास, गळ्याशी आलं. आम्ही सगळे बघत होतो. माणूस वाळतं तसं आटतंही, असं आम्ही धरून चाललो. आम्ही डॉक्टर नाही.

पण डॉक्टरकीच्या खुर्चीत बसलेला माणूस तिने आदल्या उन्हाळ्यात गाठला होता. झऱ्यावरून पाणी आणताना घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. केळीच्या सोपटात हात बांधून ती स्वतःच्या पायाने दरी उतरून दवाखान्यात गेली. तिथल्या माणसाने हात बघितला. पाठीचं कुबड त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तो म्हणाला, "म्हातारे, या वयात कशाला झऱ्यावर जातेस?" ती म्हणाली, "तहान लागते म्हणून." तो हसला. पट्टी, गोळ्या, वय झालं, जपा.

त्या दिवशी ती चालत येऊ शकत होती. हे लक्षात ठेवा. मी पुन्हा विचारणार आहे.

पेरणीच्या दिवशी क्यारिकुंडा खालच्या तालीत खणत होती आणि सेमेई वरच्या. म्हातारी बांधावर बसून बियाणं निवडत होती, किडका दाणा बाजूला, चांगला मांडीवरच्या सुपात. मी शेजारच्या तालीत होतो. सूप भरलं तसं क्यारिकुंडाला द्यायला ती उठली. कशाला अडखळली नाही, कोणी धक्का दिला नाही. उठून उभी राहिली, वळली आणि कणसाचा देठ पिळून मोडताना येतो तसा आवाज आला. तिने खाली आपल्या पायाकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कोणाचं काही मोडलं. मग पडली.

पडली म्हणून मोडलं नाही. मोडलं म्हणून पडली. एवढा फरक मी बघितलाय आणि तो मी कोणाला बुडवू देणार नाही.

"बिया उचला आधी," ती चिखलातून म्हणाली. "कुजतील."

क्यारिकुंडा धावत आली आणि तिला काखेत धरून बसवायला लागली. म्हातारीच्या तोंडून एक बारीक सूर निघाला. आजवर कधी ऐकला नव्हता तसला. क्यारिकुंडाने हात काढून घेतले आणि तिथंच मातीत बसली.

सेमेईने बितारिहोला हाक मारली. बितारिहो आमच्या डोली मंडळाचा मुख्य. त्याने शिंग वाजवलं. आमच्या टेकड्यांवर गाडी चढत नाही, म्हणून प्रत्येक वाडीचं डोली मंडळ असतं. वेताची विणलेली लांबट पाटी, तिला दोन बांबू, आणि शिंग वाजलं की प्रत्येक घरातून एक खांदा. जे घर खांदा देत नाही त्या घरचं माणूस आजारी पडलं तर त्याने सरपटत जावं.

माणसं आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, कपाळाला घाम. वरच्या वाडीतला कारुहांगा डोली खाली ठेवता ठेवता म्हणाला, "पेरणी टाकून शंभरीच्या म्हातारीला न्यायचं? हिला काय खांदा लागतो? वाऱ्यावर सोडा, आपली आपण दवाखान्याच्या दारात उतरेल."

"तुझी आई नेली तेव्हा ज्वारीची कापणी होती," बितारिहो म्हणाला. "तेव्हा वाऱ्याचं नाव काढलं नाहीस."

"मी नेत नाही म्हटलं का? मी आपलं बोललो."

"चालताना बोल. तेवढीच वाट कटेल."

आता इथं काय झालं ते नीट ऐका. आमच्या टेकडीवर जिवंत माणूस डोलीतून बसवून नेतात आणि मेलेला आडवा. बाळंतीण असो, ताप असो, सापाने चावलेलं असो, पाठीला गाठोडं देऊन, पट्ट्याने छातीशी बांधून बसवायचं. समोरच्या टेकडीवरून बघणाऱ्याला डोली दिसली की कळतं, आत बसलंय की आडवं आहे. आडवी डोली दिसली की बाया रडणं काढतात आणि सगळी टेकडी कुदळी खाली ठेवते. पुरेपर्यंत कोणी माती खणत नाही. बापजाद्यांपासून असंच.

बितारिहोला तिची हालत दिसत होती. तो म्हणाला, "फेडेरेसी, पाय लांब करून नेऊ का?"

"मी मेले का रे?"

"नाही, पण..."

"मग बसव. मेल्यावर पसरीन पाय. तेव्हा तुला विचारणार नाही."

आम्ही बसवली. मोडका खुबा दुमडून, गुडघे पोटाशी घेऊन, पट्ट्याने आवळून. मी मागच्या डाव्या बांबूला होतो. उतार निसरडा, पुढचे घसरले की डोली हिसका खायची आणि मागचे सावरायचे. एरवी आम्ही उतरताना गातो, धावतो, कुठली वाडी लवकर पोचली यावर महिनाभर भांडतो. त्या दिवशी कोणी गायलं नाही. म्हातारी बोलत होती तोवर बरं होतं. "कारुहांगा, खांदा खाली आण, तुझ्याकडून मी दरीत ओतली जाईन." निलगिरीच्या रानापाशी आलो तेव्हा ती बोलायची थांबली. तिने माझा बांबूवरचा हात धरला होता. नखं रुतली तरी मी हात हलवला नाही. दरीत डोली टेकवली तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं.

आरोग्याची माहिती सांगायला तुमचा एक माणूस दर थोड्या दिवसांनी टेकडीवर येतो. मच्छरदाणी कशी लावायची सांगतो, हात कसे धुवायचे ते गाऊन दाखवतो. डोलीतून जाणारा-येणारा त्याने हजारदा बघितलाय. मोडलेला खुबा दुमडू नका, पाय लांब ठेवा, दोन्ही पाय एकमेकांना बांधा, एवढं एक वाक्य त्याने कधी सांगितलं?

दवाखान्यात तुम्ही दारापर्यंत आलात. उंबरा ओलांडला नाहीत. मनगट बांधणारा तो तुम्हीच.

"काय झालं?"

"उभी राहिली आणि पाय मोडला," क्यारिकुंडा म्हणाली.

"नुसतं उभं राहून पाय मोडत नाही बाई." तुम्ही तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत. "कोणी मारलं हिला?"

"कोणी नाही."

"घरात कोण असतं?"

"मी आणि माझा मुलगा."

"मागे मनगट, आता पाय. आणि घरात तुम्ही दोघंच." तुम्ही मान हलवलीत.

आजूबाजूला लसीला आलेल्या बाया बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या बाया चार टेकड्यांवरच्या. संध्याकाळपर्यंत चार टेकड्यांवर गेलं की फेडेरेसीची सून म्हातारीला मारते. पन्नास वर्षं जिने तिला वाढलं, न्हाऊ घातलं, तिच्या शिव्या खाल्ल्या, ती सून. क्यारिकुंडा खाली वाकली. झग्याच्या टोकाने म्हातारीच्या पायावरचा चिखल पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

म्हातारीने डोळे उघडले. "हिने मारलं असतं तर मी गप्प बसले असते का? तुला काय माझा स्वभाव माहीत नाही, मनगटवाल्या?"

बाया हसल्या. तुम्ही नाही हसलात. तुम्ही म्हणालात, इथं काही होणार नाही, शहरात न्या.

शहरात आम्ही तिला बटाट्याच्या पिकअपमधून नेलं, पोत्यांच्या मध्ये, सेमेईच्या मांडीवर. मंडळाची माणसं पेरणीला परतली. बितारिहो, मी, क्यारिकुंडा आणि सेमेई गेलो. मोठ्या हॉस्पिटलात खाट नव्हती. तिला व्हरांड्यात चटईवर ठेवलं. ओल्या फरशीची थंडी चटईतून वर यायची. लघवी झाली की क्यारिकुंडा आपला झगा खाली घालायची आणि सेमेई भिंतीकडे तोंड करायचा.

तरुण डॉक्टर आला. वाईट माणूस नव्हता. त्याने छातीपासूनच्या हाडांचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हाला जवळ बोलावलं. फोटोतली हाडं पुसट होती, जणू कोणीतरी खडूने काढून हाताने पुसली असावीत.

"हे बघा, पाठीचे मणके. दबून बसलेत. तीन-चार तरी मोडून आपोआप भरलेत, कधीतरी. हिची उंची कमी झाल्याचं लक्षात नाही आलं?"

सेमेई म्हणाला, "दांडा लांब वाटायचा तिला. मी कापून द्यायचो."

डॉक्टरला कळलं नाही. सेमेईने हाताने दाखवलं, किती कापला, कितीदा कापला. डॉक्टरने फोटोतल्या दबलेल्या मणक्यांवर बोट ठेवलं.

"आतून पोकळ झालीत हाडं," तो म्हणाला. "मनगट मोडलं तेव्हाच कळायला हवं होतं. तो पहिला इशारा असतो."

"कोणाला कळायला हवं होतं?" बितारिहोने विचारलं.

"बांधलं कोणी?"

"तुमच्याच माणसाने."

डॉक्टरने फोटो खाली घेतला. "औषध असतं यावर. आठवड्यातून एक गोळी. थोडं दूध, ऊन. मोडणारच नाही असं नाही, पण बऱ्याचदा टळतं."

"ती गोळी आहे तुमच्याकडे?"

"इथं येत नाही."

"का येत नाही?"

"ते माझ्या हातात नाही बाबा." मग त्याने आखूड पायाकडे बघितलं. "हिला बसवून आणलंत का?"

बितारिहोने आमची रीत सांगितली. डॉक्टर रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला की टोकं एकमेकांवरून सरकलीत, आता मोठं ऑपरेशन लागेल, त्याचं सामान इथं नाही, आणि असतं तरी या छातीने ती भूल झेलेल असं नाही. घरी न्या. आणि नेताना आडवी न्या.

बितारिहो टेकड्यांवरचा सगळ्यांत जुना डोलीवाला. त्याने किती बाळंतिणी दरीपार नेल्या ते त्यालाही माहीत नाही. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि आपल्या खांद्याचा घट्टा चोळत राहिला.

परत आणली तेव्हा दरीत डोली आणि खांदे तयार होते. पाटीत फळी टाकली, तिला आडवं झोपवलं, दोन्ही पाय कापडाने एकत्र बांधले. तिने विरोध केला नाही. फक्त म्हणाली, "तोंड झाकू नका."

आम्ही निलगिरीच्या रानातून वर निघालो. ऊन पडलं होतं, पेरणीला याच्याहून चांगला दिवस नाही. समोरच्या उतारावर बाया ओळीने खणत होत्या. एकीने मान वर केली. डोली आडवी होती.

पहिलं रडणं तिकडून आलं. मग वरच्या वाडीतून, मग झऱ्यापासून. कुदळी खाली पडल्या. सबंध टेकडीवर एक हात हलेना. बाया डोक्यावर हात घेऊन वाटेकडे धावत निघाल्या. आम्हाला ओरडून सांगायचं सुचलं नाही. आडव्या डोलीबरोबर चालताना आमच्यापैकी कोणी कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

म्हातारी आकाशाकडे बघत ऐकत होती.

"कोण गेलं रे?"

आम्ही पावलं टाकत राहिलो.

"मी का?" ती म्हणाली. थोडं ऐकलं. "ती खर्जातली कोण, कारुहांगाची बायको ना? जिवंतपणी मला मीठ दिलं नाही कधी उसनं. बघ कशी रडतेय."

कारुहांगा पुढच्या बांबूला होता. त्याचा खांदा हलायला लागला. हसत होता की काय करत होता, मागून कळलं नाही.

"त्यांना सांगा, पेरा म्हणावं," म्हातारी म्हणाली. "मातीला आज पेरणीजोगा वापसा आहे, उद्या राहणार नाही."

मग बितारिहो ओरडला, "जिवंत आहे. कुदळी उचला." पण त्या दिवशी कोणी उचलल्या नाहीत. एकदा रडणं निघालं की त्या दिवशी माती उघडत नाही. दुसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला आणि खालच्या तालींचं बियाणं वाहून गेलं.

ती घेवडा फुलोऱ्यावर येईपर्यंत जगली. जगली म्हणजे पडून राहिली. क्यारिकुंडा तिला कुशीवर वळवायची, तिच्या हातात तेवढी ताकद नव्हती, म्हणून आधी आपलं डोकं म्हातारीच्या पाठीला लावायची आणि डोक्याने ढकलायची. माकडहाडाजवळची कातडी गेली. माश्या हाकलायला सेमेईने केळीचं पान बांधलं. म्हातारीच्या शिव्या कमी होत गेल्या. एका सकाळी तिने क्यारिकुंडाला विचारलं, "पोरी, तुला अजून म्हणतात का, मारते म्हणून?"

"म्हणू देत, आत्याबाई."

"मी बरी झाले की खाली जाऊन सांगते त्याला."

छातीत कफ भरला आणि गेली. गेली तेव्हा रडणं थोडंच झालं. बायांनी प्रयत्न केला, पण ते आधीच वापरून झालं होतं.

मंडळाने रीत बदलली. हाड मोडलेल्याला आता फळीवर आडवं नेतो, पाय बांधून, आणि डोलीच्या पुढे एक माणूस ओरडत चालतो, "जिवंत आहे, कुदळी ठेवू नका." बापजाद्यांचं मोडायला आम्हाला दोन बैठका लागल्या. बितारिहो पहिल्या बैठकीत रडला. आमच्याकडून जे चुकलं ते आम्ही सुधारलं. तुमचं काय?

परवा ज्वारीसाठी ताली उकरायच्या म्हणून घरातल्या कुदळी बाहेर काढल्या. क्यारिकुंडाने आपली कुदळ हातात घेतली, दोनदा जमिनीवर मारून बघितली आणि सेमेईकडे दिली.

"थोडा काप रे. काखेत टोचतो."

सेमेईने कोयता उचलला होता. तो तसाच धरून उभा राहिला. मग त्याने आईला भिंतीशी उभं केलं, जिथं लग्नानंतर तिने दिवा ठेवायचा कोनाडा आपल्या डोळ्यांसमोर येईल असा करून घेतला होता. कोनाडा आता तिच्या कपाळाच्या वर होता.

त्याने दांडा कापला नाही. कुदळ खांद्यावर टाकली, आईला म्हणाला, "चल."

आज आम्ही सगळे खाली आलोय. सेमेई आहे, बितारिहो आहे, मी आहे, कारुहांगासुद्धा पेरणी टाकून आलाय. क्यारिकुंडा स्वतःच्या पायाने दरी उतरून आलीय. ज्या बाईला तुम्ही चार टेकड्यांसमोर मारकुटी ठरवलंत, ती तुमच्या टेबलासमोर उभी आहे, आणि तिच्या सासूचा आखूड दांडा आम्ही तुमच्या टेबलावर ठेवलाय, तिच्या कुदळीशेजारी. दोन्ही नीट बघा.

हिचं मनगट अजून शाबूत आहे. खुबा शाबूत आहे. ही आज चालत आलीय. वय सांगू नका, ते आम्हाला माहीत आहे. जपा म्हणू नका. ती गोळी कुठं आहे, ती इथं का येत नाही, कोणी अडवलीय आणि कधी येणार, ते सांगा. तुम्हाला माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला इथं बोलवा. उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही हा दांडा उचलणार नाही.